मेहुणे शहीद झाले त्याची हकीकत

सरहिंद, रज्जबची चौथी

शुक्रुल्ला,

आपाचे आशीर्वाद. आज द्यायची इच्छा नव्हती, पण हाताला सवय आहे, लिहिले गेले.

तू माझ्या नवऱ्याला मारलंस, हे मला काल कळलं. आग्र्याहून दरबारचा माणूस मातमाची काळी शाल घेऊन आला. दारात उभं राहून खर्जातल्या आवाजात म्हणाला की यादगार बेग डोंगरातल्या घाटात एकटे हजार शत्रूंना भिडले आणि शहीद झाले. ती हकीकत ऐकून बादशहांनी डोळे पुसले. आणि बादशाही इतिहासात हे सगळं लिहिलंय कुणी, तर बीबी, खुद्द तुमच्या धाकट्या भावानं! मी शाल घेतली. करणार काय? तेवढ्यात गच्चीवरून शहीद ओरडले, "माहबानू, हे खरबूज फिकं निघालं गं! दुसरं काप!"

दरबारच्या माणसानं वर पाहिलं. मी म्हटलं, "थोरले दीर आहेत. भाऊ मोहिमेवर गेल्यापासून डोकं ठिकाणावर नाही त्यांचं."

तर ऐक. बेगसाहेब लोकरवाल्यांच्या तांड्याबरोबर गेल्याच आठवड्यात घरी पोचलेत. डाव्या पायाची बोटं बर्फानं खाल्ली, अंगठा तेवढा शिल्लक आहे. म्हणून घराबाहेर पडत नाहीत, बाकी माणूस शाबूत आहे. भूक तर दुप्पट झालीय. तू लहानपणी उंदीर बघून माझ्या ओढणीत शिरायचास, आणि आता आग्र्यात बसून माणसं मारायला लागलास? चाकू घे, ती ओळ खरवड, वर "जिवंत आहे" असं लिही आणि मोकळा हो. पत्र आपल्या नियाज खरबूजवाल्याकडे देतेय. त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हाती उत्तर देऊ नकोस.

माहबानू


आग्रा, रज्जबची सतरावी

आपा,

दूल्हाभाई जिवंत आहेत हे वाचून आनंदानं रडलो. मग भीतीनं रडलो. दोन्ही वेळा दफ्तरात होतो, त्यामुळे डोळ्यांत शाई गेली असं सांगावं लागलं.

तू म्हणतेस तसं खरवडता येत नाही गं. आधी आमचं काम समजून घे. बादशहांच्या कारकिर्दीचा इतिहास म्हणजे काय तुझं माझं पत्र नव्हे. त्यात आपली फौज पळत नाही, "विचारपूर्वक मागे फिरते". शत्रू हल्ला करत नाही, "बेअदबी करतो". बादशहांची गोळी वाघाला कधी चुकत नाही, वाघच कधीकधी जागेवर नसतो. आता ही डोंगरातली मोहीम. बर्फात निम्मी फौज गारठली आणि उरलेली शेपूट घालून परत आली, हे सगळ्या आग्र्याला ठाऊक आहे. मी आपलं "विचारपूर्वक मागे फिरली" असं लिहून नेलं. आमचे मुख्य इतिहासकार मुल्ला फसीह चष्म्यावरून बघत म्हणाले, "एवढी फौज माघारी आली आणि एकही नामी शहीद नाही? लोक म्हणतील पळाले. जा, एक शहीद आण." छावणीच्या कागदात नोंद होती, यादगार बेग सापडत नाहीत. मला खरंच वाटलं, ते गेले. मग म्हटलं, एवढा मान परक्याला कशाला द्या? घरातच राहू दे. रडत रडत लिहिलं गं, दोन पानं भरून. त्यांच्या घोड्याचंही कौतुक केलं.

आणि पाप असं की ते वाचून झालंय. आमचा रिवाज असा आहे: लिहिलेला मजकूर बादशहांना मोठ्यानं वाचून दाखवायचा. काही पटलं नाही तर ते हात वर करतात, आम्ही तिथंच ते बदलतो. हात वर झाला नाही तर मजकूर कायमचा खरा. मग अल्लाच्या फरिश्त्यालाही त्यातलं अक्षर हलवता येत नाही, कारण बादशहांनी ऐकून घेतलेलं खोटं निघालं तर खोटं कोण ठरलं? तूच सांग. दूल्हाभाईंच्या वेळी हात वर झाला तो फक्त डोळे पुसायला.

मागे एकदा असाच एक शहीद "मी जिवंत आहे" म्हणत दरबारात आला होता. तोतया म्हणून त्याचं मुंडकं उडवलं. पुस्तक बरोबर ठरलं.

म्हणून त्यांना गच्चीवरून खाली घे. आणि एवढं मात्र सांग, घाटात त्यांनी निदान चारपाच तरी मारले ना?

शुक्रुल्ला


सरहिंद, साबानची दुसरी

शुक्रुल्ला,

चारपाच? एकही नाही. तुला खरं हवंय तर घे. घाटात बेगसाहेबांचं पोट बिघडलं होतं. ते एका खडकाआड बसले. उठून बघतात तर फौज निघून गेलेली. तुझे ते हजार शत्रू? एक मेंढपाळ आला आणि यांच्या घोड्याकडे बोट दाखवून मोल विचारू लागला. यांनी घोडा दिला, त्यानं घोंगडी दिली आणि वाट दाखवली. तू ज्या घोड्याचं कौतुक केलंस तो तिकडे मेंढरं राखतोय.

इथं मातम काय जोरात चाललाय! गल्लीतल्या बायका रोज येतात, ऊर बडवून यांचे गुण गातात: किती दिलदार, किती शांत, ताटाला कधी नावं ठेवली नाहीत! हे पडद्याआड बसून ऐकतात आणि स्वतःसाठी मुसमुसतात. काल मला म्हणाले, "माहबानू, फार चांगला माणूस गेला गं." मी म्हटलं, असा नवरा मला मिळाला असता तर मीही रडले असते.

पण हसण्यावारी नेऊ नकोस. परवा जप्तीवाला आलाय. मनसबदार मेला की त्याचं सगळं सरकारजमा, हा तुमचा कायदा मी नव्यानं शिकतेय. घर, बाग, गालिचे, माझी पुलावाची देगसुद्धा तो दाराशी बसून लिहून घेतोय. नवऱ्यामागची चार महिने दहा दिवसांची इद्दत चालू आहे म्हणून बाईच्या अंगावर धावून येता येत नाही, एवढीच काय ती सवड. इद्दत संपली की मी रस्त्यावर. आणि तो सगळ्या खोल्या बघायच्या म्हणतो. हे धान्याच्या कोठीत बसलेत आणि तिथून खोकतात.

नवरा जिवंत आहे म्हणावं तर मुंडकं जातं, मेला म्हणावं तर घर जातं. तूच हे करून ठेवलंस, आता दगडाखालून हात तूच काढ. नाहीतर मी स्वतः आग्र्याला येऊन तुझ्या त्या मुल्ला फसीहला अजून एक शहीद मिळवून देईन.

माहबानू


आग्रा, साबानची सोळावी

आपा,

घर सोडू नकोस. जप्तीवाल्याला भरपूर पुलाव खाऊ घाल म्हणजे तो सावकाश लिहील. दूल्हाभाईंची दाढी उतरव आणि त्यांना मळके कपडे दे. कारण विचारू नकोस. जमलं तर कळेलच, आणि नाही जमलं तर मला विचारायला तू येणार नाहीस, मीही उत्तर द्यायला असणार नाही.

शुक्रुल्ला


सरहिंद, सवालची सहावी

अरे मुडद्या,

ईदेला बहिणीला काय पाठवलंस, तर विटा! तीन गाड्या विटा, चुन्याची पोती आणि गवंडी! माझ्या बागेत, तुतीच्या झाडाखाली त्यांनी खड्डा खणायला घेतलाय. विचारलं तर म्हणे बादशाही हुकूम आहे, शहिदाची कबर बांधायची. पुस्तकात मारलंस तेवढ्यानं भागलं नाही म्हणून आता पुरायला निघालास का?

कोठीच्या फटीतून हे सगळं बघत होते. मला वाटलं, आता माणूस कोसळतो की काय. तर म्हणतात कसे, "लांबीला कमी पडेल गं. गवंड्याला सांग, मी उंच आहे."

दोन रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागलेला नाही. हसतेय ती फक्त कागदावर. खरं सांगू? मला भीती वाटते रे शुक्रू. मोहिमेवर गेले तेव्हा वाटली नव्हती एवढी. तेव्हा शत्रू निदान डोंगरापलीकडे होते.

आपा


आग्रा, सवालची बाविसावी

आपा,

रडू नकोस. विटा कामाच्या आहेत.

झालं असं, की बादशहांचा हात वर झाला नाही म्हणून आपण अडकलो ना? मग म्हटलं, त्याच हातानं सुटू. पुढचं प्रकरण मी लिहायला घेतलं आणि त्यात मध्येच, वाघाच्या शिकारीनंतर आणि नव्या कारंज्याच्या आधी, चार ओळी घातल्या: अमर्याद दयेच्या पोटी बादशहांनी हुकूम फर्मावला की शहीद यादगार बेगची कबर त्याच्याच बागेत बांधावी, आणि त्या कबरीच्या दिवाबत्तीसाठी त्याचं घर, बाग, सामानसुमान कायमचं लावून द्यावं. कबरीची झाडलोट, देखभाल करणाऱ्या मुजावरानं तिथंच राहावं.

असा हुकूम कधी झालाच नव्हता. तरी दरबारात बसून सरळ वाचत गेलो. त्या ओळीवर आलो आणि बादशहांचा हात उठला. आपा, मी कलमा पुटपुटला. पण तो हात मिशीवरची माशी हाकलायला गेला होता. मग ते संथपणे म्हणाले, "हो, आठवतं." आता आठवणारच! इतका दयाळू हुकूम आपण दिलाच नव्हता, असं कोणता बादशहा म्हणेल?

पुढची धावपळ मुल्ला फसीहनी केली. पुस्तकात हुकूम आहे आणि दफ्तरात फर्मानच नाही, म्हणून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी स्वतः कारकुनांना झापून मागच्या तारखेचं फर्मान तयार करवलं आणि कुणाला बोलू नकोस म्हणून माझेच हात धरले. मी म्हटलं, उस्ताद, तुमच्यासाठी एवढं करेन.

तर जप्तीवाला उठेल. आता एका मुजावराची गरज आहे. बिनदाढीचा, गरीब, कबरीशी ज्याचं मन जडेल असा कुणी तुझ्या पाहण्यात आहे का?

शुक्रुल्ला


सरहिंद, जिल्कादची सत्ताविसावी

शुक्रू,

तुझे हात चुंबले. जप्तीवाला गेला. देग परत द्यायला त्याला जिवावर आलं होतं, पण दिली.

मुजावर मिळाला. बिनदाढीचा, मळक्या कपड्यातला, गल्लीत कुणी ओळखला नाही. सकाळी स्वतःची कबर स्वतः झाडतो, पाणी शिंपडतो, वर तुतीचं पान पडलं की रागावतो. बायका नवस बोलायला यायला लागल्यात. एकीनं बदामाचा हलवा आणला तर हा म्हणतो, "शहिदांना हलवा चालत नाही, त्यांना खरबूज आवडायचं." तेव्हापासून खरबुजांची रास लागलीय. नियाज या कबरीचा सगळ्यात मोठा भक्त झालाय. मुजावर बायकांना घाटाची लढाई ऐकवतो. तुझ्या पुस्तकात हजार शत्रू होते, याच्याकडे आता तीन हजार झालेत.

आणि इद्दत संपली, तेव्हा काझींना बोलावून मी मुजावराशी निकाह लावून घेतला. गल्लीत कुजबुज झाली, एवढ्या मोठ्या शहिदाची बायको आणि झाडूवाल्याशी? होऊ दे. तेवीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याशी दुसऱ्यांदा लग्न करताना लाज वाटली रे मला! हे तर काझींसमोर "कबूल" म्हणताना रडले. पहिल्या वेळी रडले नव्हते.

तू एकदा येऊन जा.

आपा


दिल्लीजवळच्या तळावरून, मोहरमची दुसरी, घाईत

आपा,

आगीतून फुफाट्यात! बादशहा लाहोरला निघालेत, मी आणि मुल्ला फसीह बरोबर आहोत. आज तंबूत जुनं प्रकरण वाचायला सांगितलं, आणि घाटाशी आलो तसे म्हणाले, "हा शहीद वाटेतच आहे ना? फातिहा पढू." दूल्हाभाईंना लगेच कुठंही पाठव. मोहिमेआधी ते सलामीला आले होते, कुणीतरी ओळखेल. निम्मा दरबार त्यांना ओळखतो.

शुक्रुल्ला


सतलजकाठचा तळ, मोहरमची तेरावी

आपा,

मी "पाठव" लिहिलं होतं ना? आणि हे झाडू घेऊन फाटकात उभे! तू जाळीआड होतीस, तुला ऐकू आलं नसेल. आणि दूल्हाभाईंनी तुला सांगितलं असेल त्यावर माझा विश्वास नाही. म्हणून काय झालं ते मी लिहितो. एवढं एकच पत्र मी फुलं न लावता लिहितोय.

बादशहांनी फातिहा पढला. मग सहज विचारावं तसं मुजावराला विचारलं, "तू ओळखायचास का त्याला?"

"थोडाफार, हुजूर."

"कसा होता?"

मला वाटलं, आता तीन हजार शत्रू निघणार. म्हटलं निघू देत, तेवढ्यावर भागलं तर बरं. पण दूल्हाभाई झाडूकडे बघत म्हणाले, "भित्रा होता, हुजूर. पण एकटाच नव्हता. थंडी फार होती. रात्री शेजारी झोपलेला सकाळी उठायचा नाही. लढायला समोर कुणी नव्हतंच, नुसतं बर्फ होतं. आम्ही सगळे घराची आठवण काढून रडायचो."

"आम्ही" म्हणाले, आपा. मुल्ला फसीहचा चेहरा कोऱ्या कागदासारखा झाला. मी तलवारवाल्याच्या हाताकडे बघत होतो.

बादशहा खाली बघत होते. कबरीपाशी सगळेच अनवाणी ना! त्यांची नजर दूल्हाभाईंच्या डाव्या पायावर थांबली होती.

"बोटं कुठं गेली?"

"तिथंच राहिली, हुजूर. त्या घाटात."

बादशहांनी त्या पायाकडे पाहिलं, कबरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग म्हणाले, "म्हणजे पुस्तक अगदीच खोटं नाही. थोडाफार शहीद झालाच आहे."

कुणाला हसायचं धाडस होईना. ते स्वतःही हसले नाहीत. म्हणाले, "वर्ष होत आलं. तिथं थंडी होती, एवढंसुद्धा मला कुणी सांगितलं नाही." अंगावरची शाल काढून त्यांनी कबरीवर घातली आणि मुजावराला बजावलं, "रात्री गारठा पडतो. कबरीला शाल लागत नसली तर तू वापर."

निघताना माझ्यापाशी थांबले. "मुन्शी, आजचं काय लिहिणार?"

आपा, वीस वर्षं शब्दांवर पोट भरलंय मी. एक सुचेल तर शपथ. तोंडातून निघालं ते एवढंच: "हुजूर, आज विशेष काही घडलं नाही."

"तसंच लिही."

तसंच लिहिलं. काल तळावर वाचून दाखवलं. हात वर झाला नाही. आता ते कुणालाही खरवडता यायचं नाही.

पण दूल्हाभाई गेले का नाहीत? तुला पत्र मिळालं नव्हतं का?

शुक्रुल्ला


सरहिंद, मोहरमची एकोणिसावी

शुक्रू,

मिळालं होतं. मी गाठोडं बांधलं, नियाजची गाडी दारात आणली. हात जोडले, शिव्या दिल्या, पाय धरले. हे आपले कबरीच्या कट्ट्यावर बसलेले. म्हणाले, "माहबानू, एकदा सगळ्यांबरोबर पळून झालंय. त्या सगळ्यांबद्दल विचारायला कुणीतरी येतंय, आणि मी पुन्हा पळू? मेलं कोंबडं आगीला भीत नाही म्हणतात, आणि मी तर पुस्तकात मेलोय." मग उठून झाडू घेतला. मी जाळीआड गेले आणि ओढणी तोंडात कोंबून उभी राहिले. ऐकू काहीच येत नव्हतं. त्यांची मान तेवढी दिसत होती, आणि ती धडावर होती, म्हणून मी उभी होते.

बादशहा गेल्यावर घरात आले. मी विचारलं, काय म्हणाले? तर म्हणे, "काही नाही, पायाची चौकशी केली." बाकीचं तुझ्या पत्रातून कळलं. वाचून मी बागेत गेले आणि त्या रिकाम्या कबरीवर बसून पोटभर रडले. गल्लीतल्या बायकांनी बघितलं आणि म्हणाल्या, बिचारी, पहिल्याला अजून विसरली नाही.

तुझ्या सगळ्या इतिहासात मला एवढं एकच वाक्य पटलं बघ. आजही हे कबर झाडून आले, यखनी कमी तिखट झाली म्हणून कुरकुरले, दोन वाट्या जास्त प्यायले. आता बादशाही शाल पांघरून घोरतायत. विशेष काही घडलं नाही.

आपा